पोट्ट्याला निफ्टी खुली, कास्तकाराला सोयाबीन बंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सेबीचं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, नाव निघालं की आमच्या कारंजा तालुक्यात लोक म्हणतात, ती मुंबईच्या शेअरवाल्यांची भानगड, आपलं त्यात काय? मीही बरीच वर्षं तसंच समजत होतो. पण 28 सप्टेंबर 2015 ला वायदे बाजार आयोग सेबीत विलीन झाला आणि सोयाबीन, हरभरा, कापसाच्या वायद्यांची, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या मालाचा भाव आजच ठरवणाऱ्या सौद्यांची, किल्ली तिच्याच कमरेला गेली. 20 डिसेंबर 2021 ला सेबीने सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग, बिगर-बासमती धान आणि कच्चं पामतेल अशा सात मालांच्या वायद्यांना कुलूप लावलं. म्हटलं होतं एक वर्षासाठी. मुदतवाढ मिळत मिळत 2025 मध्ये ती तारीख 31 मार्च 2026 वर गेली होती. तुरीचं तर विचारूच नका, तिचे वायदे 2007 पासून बंद आहेत.

खरं सांगतो, आमच्या गावातल्या एकाही कास्तकाराने कधी वायद्यात सौदा केला नव्हता. पाच-सात एकरवाल्याचं ते काम नाही. पण भाव दिसायचा! वावरात शेंगा भरत असतानाच पुढच्या महिन्यांचा वायदा काय चाललाय ते मोबाइलवर कळायचं. मग दारात माल घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याने साडेतीन हजार म्हटलं, की आपल्यालाही तोंड उघडता यायचं, "भाऊ, डिसेंबर तर अडतीसशे दाखवते." तो हसायचा, पण शंभर-पन्नास सोडायचा. आता त्याच्याकडे शिकागोच्या वायदे बाजाराचे आकडे असतात, तेलाच्या प्लांटवाल्याचा फोन असतो. आपल्याकडे काल बाजार समितीत काय हर्रास झाला, एवढंच.

शेतकरी उत्पादक कंपन्यांची अडचण याहून मोठी. मी अशाच एका लहान कंपनीचा सभासद आहे. सभासदांचा माल घेऊन गोदामात लावला आणि दोन महिन्यांत भाव पडला, तर ते नुकसान कोणाच्या डोक्यावर? वायदा चालू असता तर तेवढाच माल आधी विकून ठेवून भाव बांधता आला असता. आता ती सोय नाही, म्हणून कंपनी माल धरायलाच भिते. 2025-26 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 5,328 रुपये, आणि बाजारात चार हजारांच्या आगेमागे हर्रास. ओलावा, माती, डाग काढून हाती काय पडतं ते वेगळंच.

बंदीचं कारण सांगतात महागाईचं. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं, हे खरं. पण वायद्यामुळे भाव चढतात का, हे तपासायला अभिजित सेन समिती नेमली होती. तिला 2008 मध्ये तसा ठोस निष्कर्ष काढता आला नव्हता. आणि ज्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणावं लागतं, तिथे तेलाचा भाव आयात शुल्काने हलतो. ऐन पेरणीच्या तोंडावर, 30 मे 2025 ला, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. त्याचा मार आम्ही सोंगणीनंतर खाल्ला.

आता दुसरी बाजू बघा. आमच्याच घरातला पोट्टा, वय तेवीस, झाडाखाली बसून निफ्टीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकाचे, ऑप्शन (तो चढेल की पडेल यावर लावायचे सौदे) खेळतो. मागच्या हंगामात बापाच्या चुकाऱ्यातले साठ हजार त्यात गेले. बापाला कळलं पोळ्याला, बैल सजवायच्या वेळी. तो काही एकटा नाही. सेबीच्याच पाहणीप्रमाणे 2024-25 मध्ये वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 91 टक्के तोट्यात होते. मिळून बुडाले 1 लाख 5 हजार कोटींच्या वर. सेबीने तिथे काय केलं? 20 नोव्हेंबर 2024 पासून सौद्याचा आकार किमान 15 लाखांचा केला, दर आठवड्याला संपणारे सौदे एका शेअर बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले, मार्जिन म्हणजे सौद्यासाठी भरायची अनामत वाढवली. बाजार बंद नाही केला. त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

मग सोयाबीनलाच कुलूप का? सट्टेबाज घुसतात म्हणाल तर घुसतात. 2012 मध्ये गवारीच्या वायद्यात भाव कसे भडकले ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याला उपाय आहेत. ज्याच्याकडे माल नाही त्याच्या सौद्यांवर मर्यादा घाला, माल उचलणं सक्तीचं करा, भाव भडकला तर मार्जिन वाढवा. निफ्टीला जी अक्कल लावली ती आमच्या पोत्यालाही लावा.

पुढचा निर्णय घ्यायच्या आत सेबीने अकोला, वाशिम, अमरावतीकडे एकदा यावं, उत्पादक कंपन्यांचं ऐकावं आणि काय ठरवलं ते मराठीतही छापावं. तोवर आमचा हरभरा निघालेला असेल. त्याला भाव काय राहील असं मला आज कोणी विचारलं, तर अडत्याला विचारून सांगतो.

आपला,
एक सोयाबीन उत्पादक वाचक
ता. कारंजा (लाड), जि. वाशिम