‘अजून नाही’ हे स्पष्ट सांगितल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर ताई,
सविनय नमस्कार.

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मायक्रोआरएनए या, जनुकांच्या कामावर नियंत्रण ठेवणाऱ्या अगदी छोट्या रेणूंच्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना जाहीर झाले आणि ‘मिरगीवर कायमचे औषध सापडले’ असा मजकूर आमच्या नात्यागोत्यात मोबाईलवर फिरू लागला. आता तुमच्या मुलीच्या मिरगीच्या गोळ्या कशाला, असे चोपड्यापासून शिरपूरपर्यंतचे पाहुणे विचारू लागले. अशा वेळी दिवाळीच्या सुटीत गावी आलेल्या असताना आपण आमच्या ओट्यावर बसून हा विषय जसा आहे तसा उलगडून सांगितलात, त्याबद्दल हे जाहीर पत्र लिहीत आहे. नाव छापू नये ही आपली इच्छा पाळली आहे.

मुलीचा झटका मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात सुरू होतो. ती खाली पडत नाही. बोलता बोलता नजर एका जागी थिजते, तोंड काहीतरी चघळल्यासारखे हलते आणि उजव्या हाताची बोटे ओढणीचा काठ चुरगाळत राहतात. याला फेफरे म्हणायलाच कोणी तयार नव्हते. आपण मात्र आधी हेच सगळे बारकाईने विचारून घेतलेत आणि मगच वहीत पेन्सिलीने आकृती काढायला घेतलीत.

जनुकाची प्रत निघते, तिच्यावरून प्रथिन बनते आणि सुमारे २२ अक्षरांचा मायक्रोआरएनए हा तोकडा आरएनए त्या प्रतीला चिकटून प्रथिनाचे उत्पादन कमी करतो, हे आपण आमच्याच केळीच्या ठिबकवरून सांगितलेत: मोटार चालू राहते, एका ओळीचा कॉक तेवढा आवळला जातो. झटक्यानंतर मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटासारखी दाहक द्रव्ये सोडतात, त्यांमुळे चेतापेशी अधिक उत्तेजित होतात आणि पुढच्या झटक्याची वाट सोपी होते. म्हणजे झटक्याने दाह आणि दाहाने झटका असे चक्र सुरू होते. याच दाहाच्या संदेशातून मायआर-१४६ए नावाचा मायक्रोआरएनए तयार होतो आणि आयरॅक-१ व ट्राफ-६ ही तो संदेश पुढे नेणारी प्रथिने कमी करून दाहाला आवर घालतो. २०१० साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांना तो कानशिलाकडच्या भागातल्या अपस्माराच्या, म्हणजे मिरगीच्या, रुग्णांच्या मेंदूतील ऊतींत वाढलेला आढळला होता. तो वाढलेला आहे म्हणून तोच रोगाचे कारण, असा अर्थ मी काढला असता. आवर घालणारा वाढूनही दाह पुरता आटोक्यात येत नाही, हे आपण सांगितल्यावर उंदरांना त्याची कृत्रिम नक्कल देऊन झटके कमी करण्याचे प्रयोग का झाले, ते ध्यानात आले.

मायआर-१३४ या दुसऱ्या मायक्रोआरएनएची गोष्ट उलटी आहे. २०१२ साली डब्लिनच्या गटाने उंदरांमध्ये तो दाबून टाकल्यावर झटके आणि पेशींची हानी कमी झाली. म्हणजे एक वाढवायचा, दुसरा दाबायचा. त्यातही प्रत्येक मायक्रोआरएनए अनेक जनुकांवर काम करतो आणि असे औषध रक्तातून सहजासहजी मेंदूत शिरत नाही. हे ऐकल्यावर फिरणाऱ्या मजकुरातले ‘कायमचे औषध’ किती पोकळ आहे, ते पाहुण्यांनाही उमगले असावे. निदान चहा संपेपर्यंत कोणी बोलले नाही.

“रुग्णाला देण्यासारखे औषध अजून नाही, चालू गोळी एक दिवसही चुकवू नका,” हे वाक्य आपण माझ्या आईसाठी अहिराणीतून पुन्हा सांगितलेत. आशा दाखवून टाळ्या मिळवणे सोपे होते. आपण ते केले नाहीत, याचे मोल माझ्या लेखी सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त आहे.

योग्य निवडलेल्या दोन गोळ्यांनीही झटके थांबले नाहीत, तर शस्त्रक्रियेसाठी तपासणी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा, असे आपण वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिले आहे. दुसरी गोळी सध्या सुरू आहे. पुढच्या भेटीला जळगावला जाताना वही सोबत नेणार आहे.

आपला नम्र,
एक पालक
ता. चोपडा, जि. जळगाव