'आमचं अजून व्हायचंय' म्हणणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे तुमच्या शेजारी अडीच तास बसून मला कळलंय. पण पत्र मुद्दाम उघडं लिहितेय. तुमच्या टेबलापाशी येऊन 'थँक यू सर' म्हटलं, तेव्हा तुम्ही 'अहो, त्यात काय' म्हणालात आणि तुमच्या बाजूने विषय संपला. माझा संपलेला नाही. तीन आठवडे झाले, अजून ती दुपार आठवली की घसा दाटून येतो.

चार वर्षांच्या खंडानंतर मी नोकरीवर परतले. नोकरी सोडली तेव्हा इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं, बनवायची तर आपल्याच लॅपटॉपवर डॉकर या साधनासाठी कृतीची फाइल (डॉकरफाइल) लिहायची, बिल्ड करायची, पुश करायची म्हणजे वर पाठवायची, झालं. परतले तर नियम बदललेला. आता कुणाच्याही लॅपटॉपवरून काही रजिस्ट्रीत, म्हणजे इमेज साठवायच्या कोठारात, जाणार नाही. इमेज क्लस्टरच्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या आत, एका पॉडमध्येच, म्हणजे तिथे प्रोग्राम चालवायच्या बंदिस्त कप्प्यातच बनेल आणि तिथूनच परस्पर रजिस्ट्रीत जाईल. नियम चांगला आहे. कुणाच्या लॅपटॉपवर काय काय साठलेलं असतं, देव जाणे. मला तो पटलाच होता. फक्त कसं करायचं, ते सांगायला कुणी तयार नव्हतं.

मी विचारलं नाही असं नाही. पहिल्या सहकाऱ्याने 2019 सालची एक यॅमल फाइल, म्हणजे पॉड कसा चालवायचा त्याची सूचनापत्रिका, पाठवून दिली. नोडवरचं, म्हणजे क्लस्टरमधल्या एका सर्व्हरवरचं, डॉकरचं सॉकेट (त्याला हुकूम द्यायचं दार) पॉडच्या आत जोडायचं आणि त्यातून बिल्ड करायचं, अशी. ती चालेना. पुन्हा विचारलं तर उत्तर आलं, 'आमच्याकडे चालायचं.' दुसरा म्हणाला, पॉडला प्रिव्हिलेज्ड कर, म्हणजे नोडवरचे सगळे अधिकार दे, सगळं सुरळीत होईल. सिक्युरिटीच्या टीमने ते अडवलं, आणि मग त्याने माझ्या मेलला उत्तर देणंच सोडलं. तिसऱ्याने भर मीटिंगमध्ये विचारलं, 'चार वर्षं काय केलंस मग?' चार वर्षं मी एक मूल वाढवलं. त्या मीटिंगमध्ये मला बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

पॉडच्या आतच इमेज बनवून देणारी कानिको (एक सॉफ्टवेअर) मी माझी मीच शोधली. तरी दोन दिवस 401 वर, म्हणजे रजिस्ट्रीने 'ओळख पटत नाही' म्हणून दिलेल्या नकारावर, अडकले होते. पॉड सुरू व्हायचा आणि पहिल्याच पायरीला म्हणायचा की पुश करायची परवानगी तपासता येत नाही, टॅगचं (इमेजला लावलेल्या चिठ्ठीचं) नाव आणि लॉगिन नीट आहे ना ते बघा. मी पासवर्ड तीनदा नव्याने बनवला. सिक्रेट, म्हणजे क्लस्टरमध्ये तो पासवर्ड ठेवायचा कप्पा, तीनदा पुसून पुन्हा तयार केलं. तिसऱ्या खेपेला माझी बोटं थरथरत होती.

तुम्ही आमच्या मजल्यावर कसल्याशा केबलसाठी आला होतात. जाता जाता माझ्या स्क्रीनकडे बघून थांबलात. 'मॅडम, हा 401 कधीपासून येतोय?' 'काल सकाळपासून.' तुम्ही केबल टेबलावर ठेवलीत आणि शेजारची खुर्ची ओढलीत.

आधी तुम्ही चुकीला हातच लावला नाहीत. मागचे दोन उपाय का चालले नाहीत ते सांगितलंत, कारण ते कुणी न सांगितल्यामुळे मला वाटत होतं की सगळं माझंच चुकतंय. तुम्ही म्हणालात, नोड म्हणजे वाडा समजा आणि पॉड म्हणजे त्यातली भाड्याची खोली. डॉकरचं सॉकेट खोलीत देणं म्हणजे एका भाडेकरूच्या हातात अख्ख्या वाड्याच्या किल्ल्यांचा जुडगा देणं. प्रिव्हिलेज्ड म्हणजे मधल्या भिंतीच पाडणं. आणि 2019 च्या फायलीचं तर असं की ज्या डॉकरवर ती टेकली होती, तोच आपल्या नोडवर राहिलेला नाही. क्लस्टर चालवणाऱ्या कुबरनेटीसने 2020 च्या डिसेंबरात सूचना दिली आणि 2022 च्या मे महिन्यात, 1.24 या आवृत्तीत, डॉकरला जोडणारा दुवा काढून टाकला. आपले नोड तेव्हापासून डॉकरऐवजी कंटेनरडी वापरतात. 'म्हणजे तुम्ही ती फाइल कितीही वेळा चालवली असती तरी चालली नसती,' असं म्हणून तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी नऊ दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

कानिको त्या खोलीतच सगळा संसार मांडते, हेही तुमचंच वाक्य. पायाभूत इमेज ती स्वतःच्या कंटेनरमध्येच उलगडते, डॉकरफाइलमधली एकेक ओळ तिथेच चालवते, काय बदललं त्याचा थर बांधते आणि रजिस्ट्रीत पाठवते. नोडवर डॉकर लागत नाही, भिंत पाडावी लागत नाही. मला हे कुठे वाचायला मिळालं नसतं असं नाही. पण वाचताना ते आपल्यासाठी लिहिलंय असं वाटायला हवं, आणि ते वाटेनासं झालं होतं.

मग तुम्ही विचारलंत, 'सिक्रेटमधली फाइल पॉडच्या आत कुठल्या नावाने दिसते, बघायचं का?' साध्या कानिकोच्या इमेजमध्ये शेल, म्हणजे आत शिरून हुकूम टाइप करायचं साधन, नसतं, चुका शोधायच्या डीबग टॅगच्या इमेजमध्ये असतं, एवढंच सांगितलंत आणि गप्प बसलात. मी आत शिरायची धडपड करत होते. नेमके तेव्हा आमचे लीड मागून आले. माझ्याकडे न बघता त्यांनी तुम्हाला विचारलं, 'काय, झालं का हिचं एकदाचं?'

तुम्ही मान वर केली नाहीत. म्हणालात, 'आमचं अजून व्हायचंय.'

सर, हे पत्र त्या एका शब्दासाठी आहे. तुमचं काहीही अडलेलं नव्हतं. तुमचं काम वरच्या मजल्यावर वाट बघत होतं, केबल टेबलावर पडली होती. 'हिला शिकवतोय' म्हणाला असतात तरी ते खोटं ठरलं नसतं, उलट चारचौघांत तुमचा मान वाढला असता. 'तिचं होतंय' म्हणाला असतात तरी मला राग आला नसता. तुम्ही 'आमचं' म्हणालात. नऊ दिवस जी अडचण फक्त माझी होती, माझ्या चार वर्षांची, माझ्या वयाची, माझ्या बाई असण्याची, तिला तुम्ही एका शब्दात दुसरा खांदा दिलात. लीड गेले. मी स्क्रीनकडेच बघत राहिले, कारण तुमच्याकडे बघितलं असतं तर रडले असते.

तुम्हाला उत्तर आधीच दिसलं होतं ना? नंतर घरी जाताना माझ्या लक्षात आलं. नाहीतर फाइलच्या नावाचाच प्रश्न तुम्ही बरोबर कसा विचारलात? माहीत असूनही तुम्ही ते मला सापडू दिलंत, आणि सापडेपर्यंत न अडलेल्या कामाला 'आमचं अडलंय' म्हणत बसून राहिलात.

चूक पासवर्डात नव्हतीच. रजिस्ट्रीचं सिक्रेट बनवलं की आतल्या फाइलचं नाव असतं डॉट डॉकरकॉन्फिगजेसन, आणि कानिको शोधते कॉन्फिग डॉट जेसन. डबा दारात आलेला, पण त्यावरचं नाव वेगळं, म्हणून आतून कुणी घेईना. सिक्रेट जोडताना ही फाइल या नावाने दिसू दे, असं सांगणाऱ्या दोन-तीन ओळी घातल्या आणि पॉड पुढे सरकला. शेवटी पुश झाल्याची ओळ आली, तिच्यात शा-256 चा चौसष्ट अक्षरांचा डायजेस्ट, म्हणजे त्या इमेजची ओळखखूण. ती चौसष्ट अक्षरं मी वहीत हाताने उतरवून घेतली. तुम्ही हसला नाहीत, थांबलात.

माझं माहेर मालवणचं. आमचे आजोबा रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने, रापणीने, मासे धरणारे. रापण ओढताना किनाऱ्यावर जो कुणी येऊन दोराला हात लावील, त्याला चार मासळ्या मिळत. तो रापणीच्या संघातला आहे का, त्याला ओढता येतं का, कालपर्यंत कुठे होता, हे आजोबांनी कुणाला विचारलेलं मी पाहिलं नाही. दोर हातात घेतला की तो त्या दिवसापुरता त्यांचा. तुम्ही नंतर बोलता बोलता सांगितलंत की कुबरनेटीस हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ सुकाणू धरणारा. आमच्याकडे त्याला तांडेल म्हणतात, असं मी म्हणाले, तर तुम्ही तो शब्द दोनदा म्हणून बघितलात. मला तेव्हाच आजोबा आठवले होते. ऑफिसात हुशार माणसं पुष्कळ भेटली, अजून भेटतील. शेजारच्याच्या दोराला न सांगता हात लावणारी माणसं मोजकी असतात, आणि खरं काम त्यांच्या आधारावर चाललेलं असतं, मग त्यांचं नाव कुठल्या अहवालात येवो न येवो.

निघताना तुम्ही बजावलं होतंत की कानिको शिकायला चांगली, पण तिथे मुक्काम करू नका; गूगलने 2018 मध्ये आणलेला तो मूळ प्रकल्प 2025 च्या जूनमध्ये बंद करून ठेवलाय. त्याप्रमाणे आम्ही आता रूटशिवाय, म्हणजे सर्वाधिकाराशिवाय, चालणाऱ्या बिल्डकिट या दुसऱ्या साधनावर जातोय. ते काम माझ्याकडेच दिलंय. दोन फायली झाल्यात, तिसरी चालू आहे.

रजिस्ट्रीतल्या जुन्या इमेज ठरावीक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात. त्या दुपारची आपली इमेज मात्र मी परवानगी काढून राखून ठेवली आहे. तिला वेगळा टॅग दिलाय. टॅगमध्ये देवनागरी चालत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत लिहावं लागलं, पण वाचायचं 'आमचं' असंच. पुन्हा केबल न्यायला खाली आलात की दाखवते.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची, खिडकीलगतच्या टेबलावरची