पान जुने की नवे, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणच्या पाण्यात माशांच्या टाकीतली झाडे जगत नाहीत, तेव्हा प्लॅस्टिकचीच लावावीत, असे एका भगिनींचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आले. त्यांच्या जावा फर्न या पाणवनस्पतीची जुनी पाने पिवळी पडली, त्यांना भोके पडली, दुकानदाराने लोहाची बाटली दिली, ती संपली तरी फरक पडला नाही. शेवटी त्यांनी सगळे उपटून काढले. त्यांचा वैताग मला समजतो, पण सगळा दोष पाण्यावर ढकलून विषय संपवणे मला पटत नाही. गुहागरला आमचे नारळ-पोफळीचे आगर आहे. पडवीत गोड्या पाण्याच्या टाक्या आहेत, त्यांत आमच्या विहिरीचेच पाणी असते आणि झाडे उत्तम वाढतात.

पान पिवळे पडले एवढ्यावरून औषध ठरत नाही. कुठले पान पिवळे पडले ते पाहावे लागते. नत्र, स्फुरद, पालाश (म्हणजे पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम कमी पडले की रोप ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून खालची पाने आधी खराब होतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन एकदा पानात बसले की तिथून फारसे हलत नाहीत, त्यामुळे त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते. नारळवाल्यांना हे सांगायला नको. पालाश कमी असेल तर सर्वांत खालच्या झावळ्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात. बोरॉन कमी असेल तर नवी झावळी आखडलेली, चुरगळलेली निघते. आगरात हे झटकन ओळखणारी माणसे टाकीपुढे मात्र दुकानदार देईल ती बाटली घेऊन येतात, याचे मला फार वाईट वाटते.

त्या भगिनींनी लिहिलेली लक्षणे जुन्या पानांवरची आहेत. आधी टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, त्याभोवती पिवळी-तपकिरी कड, मग तिथे भोक आणि ते मोठे होत जाणे, ही पालाशाच्या उणिवेची खूण आहे. गोगलगायीने किंवा माशाने कुरतडलेल्या भोकाला अशी पिवळी कड नसते. आपल्याकडे हे का होते तेही बघा. जांभ्या दगडातून आणि धो धो पावसातून आलेले आमच्या विहिरीचे पाणी अतिशय मऊ आहे, त्यात क्षार नावालाच. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून नत्र, स्फुरद मिळत राहते, पालाश त्या मानाने फार थोडे. समुद्राला लागून असलेल्या विहिरींची गोष्ट वेगळी. तिथे पाणी मचूळ असू शकते, म्हणून आपापले पाणी तपासून घ्यावे.

लोहाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे चित्र लोहाच्या उणिवेत दिसते आणि मॅग्नेशियमच्याही. फरक एवढाच की लोहाचे चित्र शेंड्याच्या पानांवर उमटते, उणीव वाढली तर ती पाने जवळजवळ पांढरी निघतात. मॅग्नेशियमचे खालच्या पानांवर. आमच्याकडे कोणी म्हणतात, माती एवढी तांबडी, मग लोह कमी कसे? तांबड्या मातीतले लोह गंजाच्या रूपात असते, ते पाण्यात विरघळत नाही. तळाशी वाळूखाली, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, त्यातले थोडे विरघळते आणि अमेझॉन स्वॉर्डसारख्या मुळांनी खाणाऱ्या झाडांना मिळते. खडकाला किंवा लाकडाला बांधलेल्या जावा फर्नला त्याचा काय उपयोग? पाण्यात घालायचे लोह चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलेच राहील असे बांधलेले, हवे. त्यातही ईडीटीए प्रकारचे लोह पाण्याचा सामू (पीएच) सातच्या वर गेला की टिकत नाही, तिथे डीटीपीए घ्यावे. साधे फेरस सल्फेट तर थोड्याच वेळात तळाशी बसते.

पालाशासाठी महागडी बाटली लागत नाही. आंबेवाले फवारणीला वापरतात ते १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, कृषी सेवा केंद्रात मिळते. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम टाकले की लिटरमागे सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि जवळपास ४ मिलिग्रॅम पालाश मिळते. नायट्रेट आधीच पुरेसे असेल तर ०:०:५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट, घ्यावे. मात्र १९:१९:१९ हे मिश्र खत किंवा युरिया कृपा करून टाकीत घालू नका. त्यातून अमोनिया तयार होतो आणि मासे मरतात. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट चालते. नवी पाने वाकडी-आखूड निघत असतील आणि गोगलगायींचे कवच झिजून पांढरे पडत असेल तर कॅल्शियमकडे पाहा. तिसऱ्यांची स्वच्छ धुतलेली मूठभर शिंपले फिल्टरमध्ये ठेवली की मऊ पाण्यात ती सावकाश विरघळत राहतात.

प्रत्येक वेळी उणीव असतेच असे नाही. रोपवाटिकेत बरेचदा झाडे पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे नव्या रोपाची पहिली पाने टाकीत गळतातच. क्रिप्टोकोरिन नावाचे टाकीतले झाड तर नुसते जागेवरून हलवले तरी विरघळल्यासारखे होते आणि मुळापासून पुन्हा फुटते. दिवा दहा-बारा तास जळत असेल तर आधी तो सहा-आठ तासांवर आणावा.

दुकानदारांना एक विनंती. ‘प्लांट टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बाटल्यांवर आत काय आहे आणि किती आहे ते छापलेलेच नसते. अशा बाटल्या ठेवू नयेत. शेतकऱ्याला घटक न छापलेले खत कोणी देत नाही, मग टाकीवाल्याला का द्यावे? आपल्या कृषी पुरवणीत या विषयाला अधूनमधून जागा मिळावी, अशी आपल्यालाही विनंती आहे.

आणि त्या भगिनींना: फर्नचा आडवा कंद टणक असेल तर फेकू नका. काळी पडलेली पाने कापा, कंद वाळूत न पुरता दगडाला दोऱ्याने बांधा, पालाश सुरू करा. जुन्या पानांची भोके भरून येणार नाहीत, त्यांच्याकडे बघू नका. दोन-तीन आठवडे फक्त नव्या पानांवर लक्ष ठेवा आणि काय दिसते ते याच सदरात कळवा.

आपला,
एक बागायतदार वाचक
गुहागर, जि. रत्नागिरी