उपचार अर्धवट, तिकीट पक्के

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की मुलांकडे अमेरिका, कॅनडा, युरोपला निघणाऱ्या आईवडिलांची लगबग सुरू होते. त्यातल्या बऱ्याच जणांचे काही ना काही उपचार चालू असतात. कुणाच्या केमोच्या दोन सायकल (ठरावीक अंतराने घ्यायच्या फेऱ्या) बाकी असतात, कुणाचा गुडघा नुकताच बदललेला असतो, तर कुणाची अँजिओग्राफी ‘आल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवलेली असते. ‘मेडिक्लेम आहे, ट्रॅव्हल इन्शुरन्सही काढलाय’ एवढ्यावर घरचे निर्धास्त. चालू उपचाराचा परदेशातला खर्च सहसा या दोन्हींपैकी एकही पॉलिसी देत नाही, हे तिकिटे काढण्याआधी त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

इथल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांपुरत्या असतात. केमोथेरपी किंवा डायलिसिससाठी २४ तास दाखल व्हावे लागत नाही, तरी ‘डे केअर’ म्हणून प्रत्येक वेळचे बिल इथे मंजूर होते. तीच केमो न्यू जर्सीत घेतली तर हाती शून्य. हे लोकांना ठाऊक तरी असते. चटकन लक्षात येत नाही तो डिस्चार्जनंतरचा खर्च. अनेक पॉलिसी दाखल होण्याआधीचे ३० आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस धरतात, काही ६० आणि १८०. तुम्ही परदेशात आहात म्हणून ही मुदत थांबत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया करून महिनाभरात विमानात बसलात, तर उरलेल्या दिवसांची फिजिओथेरपी, तपासण्या आणि औषधे तिथे पदरमोड करून घ्यायची. उलट दिशेनेही हेच होते. निदान तिथे झाले आणि शस्त्रक्रियेसाठी परत आलात, तर इथल्या रुग्णालयाचे बिल पॉलिसीच्या अटींनुसार मिळेल, तिथल्या एमआरआयचे मिळणार नाही. रिपोर्ट मात्र जपून आणा, दाव्याला लागतो.

काही महागड्या पॉलिसींत ‘ग्लोबल कव्हर’ असते. ते घेतले असेल तर निदान भारतात झालेले असावे का, आधी लेखी मंजुरी हवी का, अमेरिका-कॅनडा वगळले आहेत का आणि प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यानंतर खर्च मिळू लागेपर्यंतचा काळ) किती, एवढे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

ट्रॅव्हल इन्शुरन्स हा अचानक उद्भवलेल्या दुखण्यासाठी असतो. आधीपासूनचा आजार, डॉक्टरांनी नको म्हटलेला प्रवास, उपचारासाठीच केलेला प्रवास आणि परत येईपर्यंत थांबू शकेल असा उपचार, हे सगळे त्यात सहसा वगळलेले असते. आधीच्या आजारामुळे जीव धोक्यात आला तर काही पॉलिसी जीव वाचवण्यापुरता खर्च देतात, तोही अनेकदा वेगळ्या, तुटपुंज्या मर्यादेत. रुग्ण सावरून विमानात बसण्याजोगा झाला की कंपनी सांगते, पुढचे भारतात करा. केमोच्या रुग्णाला याची झळ सर्वांत जास्त बसते. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात आणि त्या दिवसांत ताप आला तर थेट रुग्णालय गाठावे लागते. तुमच्या लेखी ती आणीबाणी असते, कंपनीच्या लेखी तो आधीच्या आजारावरच्या उपचाराचा परिणाम. त्यामुळे ‘दोन सायकलच्या मधल्या २१ दिवसांत नातवाला बघून येतो’ हा बेत विम्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. शेवटची सायकल आणि त्यानंतरचा स्कॅन उरकून निघावे. तपासणीचा निकाल यायचा असताना तर निघूच नये, कारण प्रलंबित बायोप्सीतून पुढे जे निघेल ते कंपनी ‘आधीचे’ म्हणूनच धरते.

डायलिसिसचे त्यातल्या त्यात सरळ आहे. आठवड्यातून तीनदा लागणार हे ठाऊक असल्यामुळे प्रवास विमा ते देत नाही. परदेशातले केंद्र आधी ठरवून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट पाठवायचे आणि पैशांची तजवीज करूनच निघायचे.

आईवडील व आजी-आजोबांना लांब मुक्कामासाठी मिळणाऱ्या कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या दिवसापासून किमान एक वर्षाचा आरोग्य विमा लागतो. तिथल्या बऱ्याच पॉलिसी आधीचा आजारही धरतात, मात्र तो ‘स्टेबल’ हवा. म्हणजे पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ९० किंवा १८० दिवसांत नवे लक्षण नाही, तपासणी बाकी नाही, औषधात बदल नाही. इथेच घोडे पेंड खाते. जाण्याआधी एकदा सगळे तपासून घेऊ म्हणून आपण आदल्या आठवड्यात डॉक्टरांकडे जातो. ते बीपीची ५ मिलिग्रॅमची गोळी १० ची करून देतात आणि त्या दिवसापासून ‘स्टेबल’चे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. डोस वाढवला तरच बदल, असेही नाही. अनेक पॉलिसींत कमी केलेला डोसही बदलच ठरतो. ही तपासणी निघण्याच्या सहा-सात महिने आधी करावी. (ऐन वेळी डोस बदलायची खरोखरच गरज निघाली तर बदलावाच आणि तिकीट पुढे ढकलावे. विम्यासाठी बीपी वाढू देणे हा कसला शहाणपणा?)

अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्ती नाही, त्यामुळे बरीच मुले तिथूनच ऑनलाइन पॉलिसी घेतात. त्यांत ‘अक्यूट ऑनसेट’ नावाचे कलम असते. आधीचा आजार पूर्वलक्षणाशिवाय एकाएकी उसळला आणि बहुधा २४ तासांच्या आत उपचार घेतला तरच पैसे, शिवाय वयाची अट. हळूहळू बिघडत गेलेले मूत्रपिंड यात बसत नाही. ‘फिक्स्ड बेनिफिट’ प्रकार स्वस्त पडतो, पण त्यात दर बाबीला ठरावीक रक्कम मिळते. अतिदक्षता विभागाच्या बिलापुढे ती ताटातल्या चटणीएवढी. युरोपातल्या बहुतेक देशांसाठीच्या सामायिक शेंगेन व्हिसाला लागणारा ३० हजार युरोचा विमा वकिलातीचे समाधान करतो, आधीच्या आजाराचे कलम त्यातही कायम असते. इंग्लंडमध्ये इमर्जन्सी विभागातले उपचार मोफत असले तरी वॉर्डात दाखल झाल्यावर पर्यटकाला नेहमीच्या दराच्या १५० टक्के आकारणी होते. ५०० पौंड किंवा अधिकची थकबाकी दोन महिन्यांहून जास्त राहिली तर ती गृहखात्याला कळवली जाते आणि पुढचा व्हिसा अडू शकतो.

प्रपोजल फॉर्मवर (विम्याच्या अर्जावर) ‘सध्या काही उपचार चालू आहेत का?’ या प्रश्नापुढे एजंटने परस्पर ‘नाही’ ठोकलेले असते. ते स्वतः पाहून दुरुस्त करून घ्या. मोठे बिल आले की कंपनी इथल्या फॅमिली डॉक्टरांचे कागद आणि जुने मेडिक्लेम दावे मागवते. मग लपवलेला मधुमेह सापडतो आणि त्याच्याशी संबंध नसलेला दावाही धोक्यात येतो.

आणखी एका कागदाकडे लक्ष हवे. परदेशातल्या इमर्जन्सीत डॉक्टर पहिल्या काही मिनिटांत जी हिस्टरी लिहितात, ती कंपनी सर्वांत आधी वाचते. घाबरलेला मुलगा सांगून जातो, ‘बाबांना वर्षभर असंच होतंय.’ झाले, आजार आधीचा ठरला. खरे असेल तर सांगायलाच हवे, उपचार त्यावरच ठरतात. अंदाजाने मात्र महिने-वर्षे सांगू नयेत, आठवत नसेल तर तसे म्हणावे. त्याहून बरे म्हणजे आजार, निदानाच्या तारखा, औषधांची जेनेरिक नावे व डोस आणि उपचार कुठल्या टप्प्यावर आहेत, हे एका पानावर इंग्रजीत लिहून, डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन पासपोर्टसोबत ठेवणे. त्यातच ‘प्रवासास हरकत नाही’ हे वाक्य तारखेसह असावे. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर विमान कंपनी वैद्यकीय फॉर्म वेगळा मागते. औषधे मूळ वेष्टनात न्यावीत. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपुरतीच नेता येतात आणि अमिरातीत ट्रामाडॉल, कोडीनसारख्या वेदनाशामकांना आधी परवानगी लागते.

दाखल व्हायची वेळ आलीच तर विमा कार्डावरच्या मदत क्रमांकावर आधी किंवा २४ तासांच्या आत फोन करून संदर्भ क्रमांक लिहून घ्यावा. अमेरिकेत रुग्णालय, डॉक्टर, रेडिओलॉजी आणि रुग्णवाहिका यांची बिले वेगवेगळी, महिनोन् महिने टपालाने येत राहतात. आईवडील परत आले तरी मुलाने ती उघडून कंपनीकडे धाडली पाहिजेत, नाहीतर मुदत उलटते. मुक्काम लांबवून पॉलिसी वाढवली, तर पहिल्या मुदतीत झालेला आजार वाढीव मुदतीत सहसा ‘आधीचा’ धरला जातो.

एवढे सांभाळूनही अनेकांचे गाडे इथल्या मेडिक्लेमच्या नूतनीकरणावर अडते. सहा महिन्यांच्या मुक्कामात हप्त्याची तारीख येते. पॉलिसीवर मोबाइल एजंटचा, स्वतःचे भारतीय सिम रोमिंगविना बंद, त्यामुळे ना आठवण येते ना बँकेचा ओटीपी. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत मुदत असते. त्या मुदतीत पैसे भरले तर पॉलिसी अखंड राहते, मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे संरक्षण मात्र वार्षिक हप्ता भरणाऱ्याला मिळत नाही. मुदत उलटली की पॉलिसी खंडित. नवी घ्यायला जाल तर चालू उपचार ‘आधीचा आजार’ ठरतो. त्याचा प्रतीक्षा कालावधी एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आला आहे, पण कॅन्सरच्या रुग्णाला तीन वर्षे म्हणजे काय? आणि नवी पॉलिसी द्यायची की नाही, हेही कंपनीच्याच हातात. ६० महिने सलग हप्ते भरल्यावर कंपनीला फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याचा आक्षेप घेता येत नाही, ते संरक्षणही जाते. म्हणून निघण्याआधी हप्ता भरून टाकावा. बऱ्याच कंपन्या महिनाभर आधी तो घेतात. पॉलिसीवर स्वतःचा नंबर आणि मुलाचा ई-मेल घालावा. परदेशात उपचार घेतले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. विम्याची रक्कम वाढवायला मागितली तरच नव्याने तपासणी होते आणि वाढीव रकमेला प्रतीक्षा कालावधी लागतो.

जाण्याआधी दोन्ही कंपन्यांना ई-मेल करावा: अमुक आजारावर अमुक उपचार चालू आहेत, अमुक काळात अमुक देशात असेन, त्या आजाराचा कोणता खर्च मिळेल आणि कोणता नाही, कलम क्रमांकासह कळवा. फोनवर मिळालेल्या ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ला काडीची किंमत नाही. पुढे वाद झालाच तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटले नाही, तर ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तिथे हा ई-मेलच कामी येतो. विमा नियामकाचे ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि १५५२५५ हा क्रमांकही आहे. अमेरिकन किंवा कॅनेडियन कंपनीची पॉलिसी असेल तर मात्र यातले काहीच उपयोगाचे नाही.

नियामकाने १ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक आरोग्य पॉलिसीसोबत सुधारित ग्राहक माहिती पत्रक सक्तीचे केले आहे आणि ग्राहकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यायचे आहे. मराठीत ते मागणारे थोडे, आपणहून पुढे करणारे एजंट त्याहून थोडे. या पत्रकात ‘भारताबाहेर असताना’ असा स्वतंत्र रकाना असावा. चालू उपचार, डिस्चार्जनंतरचा खर्च आणि मुक्कामात येणारे नूतनीकरण, या तिन्हींपुढे काय मिळेल आणि काय नाही ते त्यात सरळ छापावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नियामकाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.

– दोन आरोग्य विमा सल्लागार, पुणे