क्युसेक नको, पायरीवरचे फूट सांगा

माननीय जलसंपदामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

कोयना धरणातून इतके हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी सोडले, हा मेसेज पावसाळ्यात सांगलीत मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो. गणपती पेठेतल्या दुकानदाराला हवे असते वेगळेच. पाणी माझ्या पायरीला लागणार का, आणि लागणार तर किती वाजता?

कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण एकट्या कोयनेच्या आकड्यावरून पुलावरची पातळी निघत नाही. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वाटेतले ओढेनाले त्यात भर घालतात आणि सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा येते. वारणा फुगली की कृष्णेचे पाणी पुढे हटत नाही, तुंबून शहरात शिरते. धरणाचा विसर्ग वाढलेला नसतानाही पातळी चढते ती यामुळे.

2019 ला फसगत झाली ती खुणेमुळे. 2005 च्या पुराच्या रेषेवर भरवसा ठेवून माल तिच्या वर रचला गेला. पाणी 57 फुटांवर गेले, तीनएक फूट जास्त. बरे, वरची पोती पाण्याबाहेर राहिली म्हणून वाचतात असेही नाही. खालच्या थराची साखर विरघळते, डाळ फुगून पोते उसवते आणि अख्खी थप्पी पाण्यात कलंडते.

दहा टनी ट्रकात 50 किलोची 200 पोती बसतात. हजार पोत्यांना पाच खेपा, आणि त्याच दिवशी सगळ्या पेठेला तेच ट्रक, तेच हमाल हवे असतात. इशारा मध्यरात्री आला तर हमाल आधी स्वतःचे घर आवरणार. त्यात त्याचे काय चुकले?

म्हणून पुलावरच्या प्रत्येक फुटाला कोणत्या चौकात किती पाणी येते, याचा तक्ता जूनआधी दुकानोदुकानी लावावा. विसर्गाच्या मेसेजमध्येच वारणा धरून पुढच्या 24 तासांची पुलावरची अंदाजे पातळी द्यावी. कुपवाडच्या उंच बाजूची गोदामे पावसाळ्यापुरती ठरवून ठेवावीत. भाडे आम्ही भरू.

राहिला पंचनामा. भिजलेले धान्य दोन-तीन दिवसांत कुजते. सफाईवाले म्हणतात उचला, विमावाले म्हणतात सर्व्हेअर येईपर्यंत हात लावू नका. फोटो आणि वजनकाट्याची पावती पुरावा म्हणून चालेल, असा लेखी आदेश पूर यायच्या आधी निघावा.

आपले,
गणपती पेठेतील व्यापारी, सांगली