४० मिलीमीटर

प्रिय बाळ्या,

दीड वर्ष झालं रे आपण धड बोललो त्याला. गणपतीत तुझा मेसेज आला, मी नुसते जोडलेले हात पाठवून मोकळा झालो, आणि नंतर रोज वाटायचं आज फोन करू, उद्या करू. आई बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. माझं बीपी गोळीवर आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणार नाही. आपली सायकलची फ्रेम तडकली, तू ड्रॉइंग काढलेली आणि मी जोडलेली.

ताईचा चिन्या बसला होता सायकलवर. गेल्या रविवारी सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत पोरं उड्या मारतात ना, तिथे. त्याला काही झालं नाही हे आधीच सांगतो, कारण तू पुढचं न वाचताच फोन लावशील. घरी आला, सायकल पडवीत टेकवली आणि न बोलता आंघोळीला गेला, तेव्हाच मला शंका आली. तो पोरगा उडी मारून आला की अर्धा तास हातवारे करून सांगतो. मी चिखल पुसायला बसलो तर शॉकच्या (मागच्या चाकाचे धक्के झेलतो तो) पुढच्या माउंटखाली, म्हणजे तो फ्रेमला जोडतो त्या जागेखाली, वेल्डच्या कडेने, रंगावर एक तांबूस रेघ. मुंगीच्या मिशीएवढी. पहिल्यांदा वाटलं जांभ्याची माती, ओल्या फडक्याने पुसली तर जाईना. मग शेडमधे नेऊन रंग खरवडला, तडा शोधायचा लाल डाय मारला, पुसला, पांढरा डेव्हलपर फवारला आणि बघत उभा राहिलो. दोन मिनिटांत रेघ उमटली रे, लालभडक, १८ मिलीमीटर. म्हणजे कालपरवाची नाही, अख्खा पावसाळा ती तिथे होती, खारं पाणी आत शिरत होतं, गंज बाहेर पाझरत होता, आणि तो पोरगा त्यावर उड्या मारत होता. १६ वर्षांचा आहे. ताईने माझ्या भरवशावर सोडलाय.

त्या रात्री झोप नाहीच लागली. दुसऱ्या दिवशी एका मंगल कार्यालयाचं गेट द्यायचं होतं ते तसंच ठेवलं आणि फ्रेम जिगवर, म्हणजे ती सरळ धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर, चढवली. शॉक काढला, त्याच्या जागी आटे पाडलेला रॉड लावला दोन नटांवर, तू शिकवलंस तसा, आणि शॉकची लांबी २१० वरून पाच पाच मिलीमीटर कमी करत गेलो १५५ पर्यंत. दर वेळी मागच्या एक्सलची उंची मोजायची. पहिल्या पाच मिलीमीटरला चाक पावणेतेरा मिलीमीटर वर आलं. शेवटच्या पाचला पावणेचौदा. मी परत मोजलं. व्हर्नियर बदलून मोजलं. तेच.

तुझ्या ड्रॉइंगमधे पहिल्या पाचला १४ होते आणि शेवटच्याला साडेबारा. म्हणजे तुझा लीव्हरेज रेशो (शॉक एक मिलीमीटर दबला की चाक किती वर येतं ते) २.८ ला सुरू होऊन २.५ ला उतरायचा, आणि मी बनवलेल्या फ्रेमचा २.५५ ला सुरू होऊन २.७५ ला चढतो. सरासरी दोन्हीकडे तीच, २.६५, चाकाचा एकूण ट्रॅव्हल तोच १४६ मिलीमीटर, म्हणून लांबून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. पण चाक जसजसं वर येईल तसतसा शॉकचा चाकावरचा जोर झपाट्याने वाढायला हवा, तो माझ्या फ्रेममधे हवा तेवढा वाढत नाही. पहारीने चिरा उचलताना पहार आडवी होत आली की हात भरून येतात, तसं. धक्का सगळ्यात मोठा असतो तेव्हाच फ्रेम हात टेकते.

आता जे सांगायचंय ते. चूक तुझ्या ड्रॉइंगची कधीच नव्हती. माउंट मी हलवला होता.

तू पुण्याला जॉइन झालास आणि मला गणपतीआधी फ्रेम उभी करायची होती. टॅक (तात्पुरते वेल्ड) मारल्यावर शॉक बसवून बघितला तर त्याची बाजूची डबी फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीला, डाउन ट्यूबला घासत होती, अगदी कागद जाईल एवढीच फट. तुला फोन करायला हवा होता. नाही केला. माउंट ट्यूबवरून ४० मिलीमीटर वर सरकवला, मग शॉकची लांबी जुळेना म्हणून स्विंगआर्मवरचा (मागचं चाक धरणाऱ्या हातावरचा) शॉकचा कानही फिरवून घेतला, आणि रात्री दहा वाजता फुल वेल्ड मारून टाकली. तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, हो हो, सगळं ड्रॉइंगप्रमाणे. ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. हातात टॉर्च होती, आर्गन संपत आला होता, आणि मी सहज बोलून गेलो.

नुसता कोन बिघडला असता तरी एक वेळ चाललं असतं. तू माउंट खाली का ठेवला होतास ते मला परवा ट्यूब ठोकून ऐकल्यावर कळलं. बटेड ट्यूब ती, भिंत टोकाला ०.९ मिलीमीटर आणि मधे ०.६. तुझा माउंट ०.९ च्या भागात होता, गसेटला, कोपऱ्याच्या आधारपट्टीला, टेकून. मी ४० वर नेला तो बरोबर पातळ भागात जाऊन बसला. त्यावर जाड प्लेट जोडलेली, म्हणजे ताण सगळा वेल्डच्या कडेला. शॉक तळाला आपटला की पुढचा धक्का स्प्रिंग घेत नाही, तो सरळ ट्यूबला जातो. अशा किती आपट्या खाल्ल्या असतील तिने.

आणि ती कॉइलची, स्प्रिंगवाल्या शॉकची, गोष्ट. मी ती विसरलेलो नाही रे. तू वहीत मांडलेलं अजून आठवतं, माझे ८४ किलो, त्यातले ६५ टक्के मागच्या चाकावर म्हणजे ५५ च्या आसपास, गुणिले २.७, भागिले सॅगचे (नुसतं बसल्यावर शॉक दबतो त्याचे) साडेसोळा मिलीमीटर, आले मिलीमीटरला ९ किलोच्या आतबाहेर, ५६ ने गुणून इंचाला ५०० पाउंडाची स्प्रिंग. तू ती स्वतःच्या पहिल्या पगारातून मागवलीस. आणि ती लावल्यावर सायकल सुरवातीला कडक आणि शेवटी ढप्पकन तळाला, दर उडीला. तेव्हा मी चंपक मैदानावर सगळ्यांसमोर काय म्हणालो, "बाळ्याचं गणित कागदावरच चालतं." तू हसलास, स्प्रिंग काढून पिशवीत टाकलीस, आणि त्यानंतर एकही ड्रॉइंग पाठवलं नाहीस. तुझं गणित तुझ्या फ्रेमचं होतं. कॉइल सरळ रेषेत वाढते, तिला खाली उतरता रेशो लागतो, तो तू दिला होतास. मी तो उलटा केला आणि दोष तुला दिला. मला तेव्हा संशय होता का? होता. पूर्ण खात्री नव्हती, पण संशय होता आणि मी रॉड लावून मोजलं नाही. मोजायला एक दुपार लागली असती.

मग मी काय काय करत बसलो ते ऐक. परत एअर शॉक लावला. एअरचं कसं, शेवटी हवा दाबून दाबून आपोआप कडक होते, त्यामुळे फ्रेमचं पाप थोडं झाकलं जातं. तरी तळाला जायचा म्हणून आत हवेची जागा कमी करणारा एक टोकन टाकला, मग दुसरा, मग तिसरा. शेवट सावरला पण मधला भाग पोकळ, वळणावर सायकल बसूनच राहायची. म्हणून प्रेशर वाढवलं, सॅग साडेसोळावरून ११ वर आणला, तर जांभ्याच्या धारदार कडांवर मागचं चाक टाळ्या वाजवायला लागलं. प्रेशर वाढलं म्हणून रिबाउंड, म्हणजे शॉक परत वर यायचा वेग, दोन क्लिक कमी केला, तर सलग धक्क्यांत शॉक वर यायलाच तयार नाही, प्रत्येक दगडाला अजून खाली. एकाला पट्टी बांधावी तर दुसरीकडे सूज. वहीत १७ पानं आहेत रे, तारखा, पीएसआय, क्लिक, शॉक किती दबला ते दाखवणारी ओ-रिंग कुठे थांबली, सगळं. तू म्हणायचास एका वेळी एकच गोष्ट बदल आणि त्याच चिऱ्यावरून उतर, ते मी इमानदारीने पाळलं. फक्त जी गोष्ट बदलायला हवी होती ती त्या वहीत नव्हतीच.

चिन्याकडे सायकल आली तेव्हा तो ५२ किलोचा होता, आता ५८. त्याच्या वजनाला प्रेशर कमी, त्यामुळे मला वाटलं आता सगळं जमलं, मऊ चालते, पोरगा खूश. हलका म्हणून फ्रेमला त्रास नाही असंही वाटलं. पण मी जन्मात एका चिऱ्याहून उंच उडी मारली नाही आणि हा सहा चिऱ्यांवरून येतो.

तुला ती एसटी आठवते का, कोल्हापूरहून ट्यूबा आणताना? कंडक्टर म्हणाला हे पाइप कसले, आणि तू गंभीर चेहरा करून म्हणालास "सायकल आहे, अजून व्हायचीय", आणि त्याने अर्धं तिकीट फाडलंन. मी परवा चिन्याला सांगितलं तर हसला थोडासा. रविवारनंतर पहिल्यांदा.

कारण तो माझ्यावर रागावलाय. दिवाळीनंतर त्याची रेस आहे, आणि मी सांगितलंय ही फ्रेम रस्त्यावरसुद्धा जाणार नाही. तो म्हणतो, मामा तू रोज गेटं जोडतोस, हे १८ मिलीमीटर जोडून दे, वरून पट्टी मार. शेजारचे फॅब्रिकेटरही तेच म्हणाले, तडेच्या टोकाला भोक पाड, व्ही मार, भरून टाक. गेट असतं तर मीही तेच केलं असतं. पण ०.६ च्या क्रोमोली पोलादावर परत उष्णता दिली की नवी कड तयार होणार, आणि पट्टी मारली की ताण पट्टीच्या टोकाला सरकणार, जाणार कुठेच नाही. आणि मुळात उलटा रेशो तसाच. मी त्याला रॉडवरची मापं दाखवली, ग्राफ काढून दाखवला, तो बघत होता पण ऐकत नव्हता. सोळाव्या वर्षी आपण तरी कुठे ऐकत होतो. उक्षीच्या कातळशिल्पातल्या हत्तीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा तुझे ब्रेक केबलच्या एका तारेवर होते आणि निवळीचा घाट तू तसाच उतरलास. (चिन्याला एक चांगली सवय आहे, सड्यावर कातळशिल्पं असतील तिथे तो सायकल हातात घेऊन लांबून जातो, कुणी न सांगता. मोठमोठी माणसं गाड्या घालतात रे त्यावरून.)

तर मी ठरवलंय पुढचा अख्खा त्रिकोण कापायचा. मागचं स्विंगआर्म चांगलं आहे, डाय मारून सगळे जोड तपासले, फक्त कान परत तुझ्या जागी घ्यायचा. बेअरिंग नवी घालतोय, तीच ६९०२ नंबरची, जुनी हाताने फिरवली तर जात्यासारखी वाजत होती. जेटीवर लाँचवाले वापरतात ते मरीन ग्रीस भरतो आता, ते खाऱ्या हवेत टिकतं. एक मात्र माझं बरोबर होतं हं, सिंगल पिव्होट, मागचं सगळं एकाच सांध्यावर फिरतं ते. तू जास्त सांध्यांच्या हॉर्स्ट लिंकसाठी किती भांडलास, पेटंट २०१३ लाच संपलंय, आता कुणी विचारणार नाही म्हणून. मिरजोळ्याच्या शेडमधे पेटंट विचारायला कोण येणार होतं! पण आठ बेअरिंगं ह्या हवेत दर पावसाळ्याला बदलायची म्हणजे पोराने सायकल चालवायची कधी. ह्यावर मी अजून भांडायला तयार आहे.

अडचण एवढीच की ड्रॉइंग गेलं. तुझा तो मोठा ग्राफपेपर माळ्यावर नळीत ठेवला होता, काढला तर वाळवीने उजवा खालचा कोपरा पूर्ण खाल्लाय. नेमकी तिथेच मापं होती. पिव्होट बीबीपासून (पेडलच्या आसापासून) किती वर आणि किती पुढे ते उरलंय, पण पुढच्या माउंटचे दोन आकडे गेले आणि कानाचा कोनही. मी उलटं गणित करून काढू शकतो, तीन दिवस बसून जवळपास आलोही. पण जवळपासवर मी ह्या पोराला परत बसवणार नाही. आणि तुझ्याकडे आकडे मागायचे तर ते का लागतात हे सांगावं लागणार, आणि खोटं सांगून मागणं मला जमलं नाही. म्हणून हे सगळं. दोनदा व्हॉट्सअॅपवर टाइप करून पुसलं, म्हणून मेल.

तू रागावशील. रागाव. त्या दिवशी मैदानावर जे जे होते त्यांना मी माउंटचं सांगणार आहे, दोघांना सांगून झालं. स्प्रिंग तू टाकली नसशील तर तीही हवी होती, ५८ किलोला ५०० फार कडक, त्याच हिशेबाने साडेतीनशेच्या आसपास येते, पण चिन्याला हातात धरून बघायची आहे. तू येणार असशील तर जिगवर टॅक मारून ठेवतो, माउंट तू तुझ्या हाताने लाव, नाहीतर मी व्हिडिओ कॉल चालू ठेवून लावतो आणि फुल वेल्ड तू हो म्हटल्यावर. डबी घासते त्याचंही सांग, डाउन ट्यूब थोडी वाकवायची का शॉक उलटा फिरवून डबी वरच्या बाजूला घ्यायची? मला उलटा बरा वाटतो, पण तू सांग.

फ्लॅटचं पझेशन मिळालं का? छकुलीची शाळा सुरू झाली असेल, फोटोत दात पडलेला दिसला. तुझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असं आईकडून कळलं, बरे असतील. वहिनींना नमस्कार, त्यांना म्हणावं कोकम आगळ भरून ठेवलंय, येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर पाठवतो.

चिन्या आत्ताच दारात येऊन विचारून गेला, "पुण्याच्या मामाचं उत्तर आलं का?" त्याला वाटतंय मी तीन दिवसांपूर्वीच पाठवलंय. पाठवतो आता.

तुझा,
बाप्या

ता.क. ग्राफपेपरचा उरलेला भाग फोटो काढून जोडतोय. डाव्या बाजूला तुझ्या हातचा चहाचा डाग आहे, तो वाळवीने सोडलाय.