रुईयाचं माटुंगा, रुपारेलचं माटुंगा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीच्या परीक्षेचे दिवस. सकाळी साडेनवाच्या सुमारास भाजी घेऊन मी माटुंगा स्टेशनवरून घरी निघाले होते. एका मुलीने हॉलतिकीट पुढे धरलं. ‘‘काकू, रुपारेल कॉलेज कुठल्या बाजूला?’’ आसनगावहून आली होती. कुर्ल्याला फास्ट सोडून मुद्दाम स्लो पकडली होती बिचारीने, कारण फास्ट माटुंग्याला थांबत नाही हे तिला कुणीतरी बजावलं होतं. मी म्हटलं, ‘‘अगं, हे रुईयाचं माटुंगा, मध्य रेल्वेचं. रुपारेल माटुंगा रोडला, पश्चिम रेल्वेवर.’’ त्यावर ती रडवेली होऊन म्हणाली, ‘‘पण माटुंगाच ना?’’

तिचं काही चुकलं नव्हतं. फास्ट न सोडता दादरपर्यंत गेली असती आणि तिथे पश्चिम रेल्वेची स्लो पकडली असती, तर बरोबर पोहोचली असती. पण हे तिला सांगणार कोण? भाजीच्या पिशवीसकट मी तिला झेड पुलावरून पलीकडे नेऊन सोडलं. पेपर अकराचा होता, म्हणून निभावलं.

इथे राहणाऱ्यांना यात काहीच वाटत नाही. रुईया, पोदार, व्हीजेटीआय, आयसीटी ही कॉलेजं मध्य रेल्वेच्या पूर्वेला. रुपारेल माटुंगा रोडच्या पश्चिमेला, स्टेशनला जवळजवळ खेटून. खालसाला जायला हार्बरचं किंग्ज सर्कल. वाशी-पनवेलच्या मुलांना तर बहुतेकदा वडाळ्याला गाडी बदलावी लागते, कारण त्यांच्या बहुतेक गाड्या किंग्ज सर्कलला जात नाहीत. हे सगळं आम्हाला पाठ आहे. पण व्हीजेटीआय भायखळ्याहून इथे आली ती १९२३ साली, रुईया सुरू झालं १९३७ मध्ये. म्हणजे बाहेरगावची मुलं या स्टेशनांवर उतरायला लागून शंभर वर्षं झाली, आणि अजून पत्ता विचारायला भाजीवाल्या काकूच लागतात!

गंमत म्हणजे मोठ्या माणसांचीही हीच गफलत होते. फक्त महिला कर्मचाऱ्यांनी चालवलेलं देशातलं पहिलं उपनगरी स्टेशन मध्य रेल्वेचं माटुंगा, २०१७ सालचं. पुढच्याच वर्षी महिला दिनापासून माटुंगा रोडचा कारभारही महिलांकडे आला. महिलांचं स्टेशन कुठलं, यावरून आमच्या इमारतीत वाद झाला, तेव्हा दोघेही बरोबर होते आणि दोघांनाही ते पटत नव्हतं.

२०२४ साली विधिमंडळाने मुंबईतल्या सात स्थानकांच्या नामांतराचा ठराव केला, त्यात आमचं किंग्ज सर्कलही आहे. नावाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला पाटी हवी आहे. आणि पाटीने काय होतं ते दादरला दिसलंच आहे. तिथे मध्य आणि पश्चिम दोन्हीकडे एक नंबरचा फलाट होता, लोक भलत्याच पुलावरून धावायचे. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही रेल्वेंनी मिळून एक ते चौदा असे सलग नंबर दिले. पश्चिम रेल्वेला एक ते सात, मध्य रेल्वेला आठ ते चौदा. त्यासाठी ना नवा फलाट बांधावा लागला, ना पूल. जे दादरला जमलं ते एका स्टेशनावर पुढे का जमू नये?

फक्त एक सांगते. या पाट्या माटुंग्याला लावून फारसा उपयोग नाही. तिथे उतरलं की चूक होऊन गेलेली असते. ती होते कुर्ल्याला, वडाळ्याला, दादरच्या पुलावर, जिथे मूल गाडी बदलायची ठरवतं. ‘रुपारेलसाठी माटुंगा रोड, पश्चिम रेल्वे’ एवढे शब्द तिथल्या पुलांवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. कॉलेजांनीही आपल्या पत्त्यात नुसतं ‘माटुंगा’ न लिहिता स्टेशनचं पूर्ण नाव आणि रेल्वे लिहावी. सवलतीचा पास काढताना खिडकीवर ‘माटुंगा की माटुंगा रोड?’ असा प्रश्न आला की नवी मुलं गडबडतात, ते तरी टळेल. हॉलतिकिटावर केंद्राच्या पत्त्याखाली जवळचं स्टेशन छापायला एक ओळ पुरते. प्रवेशपरीक्षा रविवारी असली तर ती ओळ आणखीच मोलाची, कारण त्या दिवशी बऱ्याचदा ‘माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक’ असतो आणि कुठली गाडी कुठल्या रुळावरून येईल हे आम्हालाही फलाटावर उभं राहूनच कळतं.

त्या मुलीने रुपारेलच्या फाटकात शिरता शिरता मागे वळून विचारलं, ‘‘काकू, जाताना कुठून जाऊ?’’ तिला म्हटलं, माटुंगा रोडहून दादर, मग पुलावरून आठ नंबरच्या पुढचे फलाट. तिने ते हॉलतिकिटाच्या पाकिटावर लिहून घेतलं.

– एक निवृत्त शिक्षिका, माटुंगा (पूर्व)